कोह केर आणि बेंग मेलिआ : गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाबांना एका दिवसात नेता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

पुढच्या जानेवारीत मी बाबांना घेऊन कंबोडियाला जाते आहे. अंगकोरच्या देवळांजवळच्या सिएम रीपला पाच रात्री, मग नॉम पेन्हला दोन. बाबा 71 वर्षांचे. रत्नागिरीजवळच्या एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले. दीड वर्षापूर्वी उजव्या पायाचं नी रिप्लेसमेंट झालं. सपाटीवर काठी न घेता तासभर चालतात. कठडा असेल तर पायऱ्या चढतात, पण उतरताना त्रास होतो आणि पायरी उंच असली की पाऊल टाकायला घाबरतात. ऑपरेशनआधी गड चढणारा माणूस आहे, त्यामुळे "मला जमणार नाही" असं स्वतःहून कधीच म्हणणार नाहीत. म्हणून मला आधीच विचारून घ्यायचं आहे.

अंगकोर वाट, बायोन, ता प्रोम या देवळांची माहिती काढून झालीय, तिथे अडचण दिसत नाही. बाबांचा जीव मात्र कोह केरमध्ये अडकलाय. सिएम रीपहून रस्त्याने सुमारे 120 किलोमीटर, जंगलात. चौथा जयवर्मन 928 साली सगळ्या ख्मेर राज्याचा राजा झाला आणि राजधानी अंगकोरला न ठेवता तिथे ठेवली. 944 मध्ये राजधानी परत अंगकोरला गेली. म्हणजे जेमतेम सोळा वर्षं, आणि तेवढ्यात केवढं बांधून ठेवलंय! त्या नगराचं एक जुनं नाव लिंगपूर. हे नाव वाचल्यापासून बाबांना दुसरं काही सुचत नाही.

दुसरं कारण शक. कंबोडियातले जुने लेख संस्कृतात आणि जुन्या ख्मेरमध्ये आहेत आणि त्यांत वर्षं शकातली असतात. आपल्या पंचांगात असतो तोच शक. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने मांडून ठेवलंय : चौथा जयवर्मन, शके 850. अंबरनाथच्या शिवमंदिरावरचा लेख, शके 982. "आपल्या अंबरनाथाआधी सव्वाशे-दीडशे वर्षं तिकडे कुणीतरी हेच वर्ष मोजत बसलं होतं," असं ते येईल त्याला सांगतात.

आता अडचण. मार्गदर्शकासह एका दिवसाच्या ज्या सहली दिसतात, त्यांत सकाळी सातला निघून कोह केर, बेंग मेलिआचं पडकं देऊळ आणि काही ठिकाणी वर बांतेय स्रेईचं देऊळ असं सगळं कोंबलेलं आहे. मागच्या वर्षी राजस्थानात अशाच एका भरगच्च सहलीत आम्ही पोळलो. प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं, आणि बाबा गाडीत चढेपर्यंत बाकीचे घड्याळ बघत. ते एक शब्द बोलले नाहीत, पण संध्याकाळी जेवलेही नाहीत. ते मला पुन्हा होऊ द्यायचं नाही.

तर विचारायचं हे. कोह केरचा सात टप्प्यांचा मनोरा चढणं त्यांना जमेल का, आणि नाही चढला तर तिथे जाण्यात अर्थ उरतो का? बेंग मेलिआ त्याच दिवशी करावं की सोडावं? गटाची सहल घ्यावी की स्वतःची गाडी आणि मार्गदर्शक? जंगलातल्या भूसुरुंगांबद्दल वाचून आईने घर डोक्यावर घेतलंय, शिवाय थायलंड-कंबोडिया सीमेवरच्या लढाईच्या बातम्या आहेतच. त्यात कितपत तथ्य आहे? आणि बाबा पूर्ण शाकाहारी आहेत, त्या रस्त्यावर दुपारी त्यांना काय खायला मिळेल?

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी सासूबाईंना घेऊन गेले होते. त्यांचे दोन्ही गुडघे दुखरे, त्यामुळे तुमची काळजी कळते.

आधी मनोऱ्याचं. त्याला प्रांग म्हणतात. उंची साधारण 36 मीटर. मूळच्या दगडी पायऱ्यांवरून कुणाला जाऊ देत नाहीत, बाजूने लाकडी जिना केलाय. कठडा आहे, पण जिना खडा आहे आणि जितकं चढाल तितकंच उतरायचं आहे. तुम्ही उतरण्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी स्पष्ट सांगते, बाबांना चढवू नका.

पण न चढताही अर्थ उरतो, आणि भरपूर उरतो. प्रासात थोमला, म्हणजे हा मनोरा ज्या देवळात आहे तिथे, पूर्वेकडून शिरलात की आधी लाल विटांचं प्रासात क्राहाम लागतं, मग पडक्या ओवऱ्या, छोटी देवळं, आणि सगळं संपल्यावर एकदम मोकळं गवत आणि समोर तो मनोरा. चाल सपाटीची आहे, काही उंबरठे तेवढे उंच आहेत, तिथे हात द्या. सासूबाई त्या गवताच्या कडेला झाडाखाली बसल्या आणि मी वर जाऊन आले. खाली आले तर त्या म्हणाल्या, "तू वरून जंगल पाहिलंस, मी मनोरा पाहिला."

दुसरं म्हणजे कोह केर हे एक देऊळ नाही. पुष्कळ देवळं विखुरलेली आहेत आणि बरीचशी एका वळसा घालणाऱ्या रस्त्यालगत आहेत. गाडी जवळजवळ दारात जाते. उतरा, शंभर-दोनशे पावलं चाला, बघा, परत बसा. गुडघ्याला याहून सोयीचं काय? प्रासात प्राम चुकवू नका. विटांचे मनोरे आणि त्यांतल्या काहींना झाडाच्या मुळांनी वरपासून खालपर्यंत जखडलंय. आणि बाबांसाठी खास म्हणजे लिंगांची देवळं. छप्पर गेलेल्या गाभाऱ्यात भलंमोठं लिंग शाळुंकेसकट अजून जागच्या जागी. आम्ही गेलो तेव्हा कुणीतरी उदबत्ती लावून गेलं होतं.

स्वतःची गाडी आणि स्वतःचा मार्गदर्शकच घ्या, यात तडजोड नको. पहिल्या खेपेला आम्ही पैसे वाचवायला नुसती गाडी केली होती. ड्रायव्हर फार सज्जन, पण मार्गदर्शकाचं काम परवान्याशिवाय करता येत नाही, तो फाटकाशी थांबला. आम्ही तीन तास नुसते दगड बघून आलो. दुसऱ्या खेपेला परवानाधारक मार्गदर्शक बरोबर होता आणि तीच जागा वेगळी वाटली. ठरवतानाच त्याला लिहून कळवा : वडील संस्कृतचे शिक्षक आहेत, देवळं कमी चालतील, वेळ जास्त हवा.

प्रतिसाद २

मूर्तिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून थोडी भर घालतो.

तुमच्या बाबांना प्रासात चेनला नक्की न्या. अंतरावर आहे, पर्यटक बहुधा गाळतात. तिथे महाभारतातलं गदायुद्ध मूर्तींतून उभं केलेलं होतं. भीम आणि दुर्योधन समोरासमोर, आणि भोवती बघणारे. भिंतीवर कोरलेलं नव्हे, चहूबाजूंनी मोकळ्या, जवळजवळ माणसाएवढ्या मूर्ती. 1970 च्या दशकातल्या यादवीत चोरांनी त्या घोट्यापासून तोडून नेल्या. पावलं चौथऱ्यावरच राहिली, आणि पुढे त्या पावलांनीच साक्ष दिली. न्यूयॉर्कला लिलावात निघालेल्या दुर्योधनाचे तुटलेले घोटे इथल्या पावलांशी जुळले. बरीच कायदेशीर झटापट होऊन 2014 मध्ये दुर्योधन घरी परतला, कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयातला भीमही त्याच वर्षी आला. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने गुडघ्यावर बसलेले दोन सेवक परत केले होते.

म्हणून तुमचा क्रम मला फार आवडला. आधी कोह केर, मग नॉम पेन्ह. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात कोह केरच्या शिल्पांचं दालन शांतपणे बघा. वाली-सुग्रीवाची झुंजही तिथेच आहे. दगडात इतकी हालचाल अंगकोर वाटलाही दिसत नाही, असं माझं मत.

मनोऱ्याबद्दलही एक. माथ्यावर मोठं लिंग होतं असं मानतात, लेखांत देवाचं नाव त्रिभुवनेश्वर येतं. ते लिंग आज नाही.

आणि तुम्ही कोकणातले आहात, तर आवाराच्या भिंतींकडे लक्ष असू द्या. तो जांभा आहे. तसाच भोकाभोकांचा, तसाच तांबडा. जमिनीतून काढताना मऊ आणि हवा लागली की कठीण होणारा. ख्मेर लोकांनी भिंती आणि चौथरे जांभ्याचे केले आणि कोरीव कामाला वालुकाश्म वापरला. 

प्रतिसाद ३

कामानिमित्त नॉम पेन्हमध्ये राहतो, त्यामुळे व्यवहाराचं सांगतो.

सीमेचं आधी. 2025 च्या जुलैत आणि परत डिसेंबरात थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली, ती किरकोळ नव्हती. प्रेआह विहिअरचं देऊळ ऐन सीमेवर, डांगरेक डोंगराच्या कड्यावर आहे, ते या बेतात धरूच नका. कोह केर त्याच नावाच्या प्रांतात मोडतं, म्हणून लोक घाबरतात, पण ते सीमेपासून बरंच आत, दक्षिणेला आहे. तरीही निघायच्या आठवड्यात नॉम पेन्हच्या भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा, प्रवासविम्यात युद्धजन्य परिस्थितीबद्दल काय लिहिलंय ते बघा आणि पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा. आईंना खोटा धीर देऊ नका, हे सगळं दाखवा.

सुरुंग. पर्यटक जिथे जातात तो भाग साफ केलेला आहे. बेंग मेलिआ आणि कोह केर दोन्हीकडे सुरुंग काढल्याच्या पाट्या दिसतील. पण देशात सुरुंग अजून संपलेले नाहीत. मळलेली वाट सोडायची नाही, झाडीत शिरायचं नाही, अगदी लघवीसाठीसुद्धा नाही. प्रासात थोमसमोर गाड्या थांबतात तिथे स्वच्छतागृह आहे. सिएम रीपमध्ये वेळ मिळाला तर सुरुंग हुंगणाऱ्या उंदरांचं केंद्र आईंसाठी बघून या. त्यांतल्या मगावा नावाच्या उंदराला 2020 मध्ये शौर्यासाठी सुवर्णपदक मिळालं होतं. वजन हलकं म्हणून त्यांच्या पायाखाली सुरुंग फुटत नाही.

तिकीट. अंगकोरचा पास एका दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62. तीन दिवसांचा घ्या, ते दिवस सलग वापरावे लागत नाहीत. बेंग मेलिआ त्या पासात येतं. कोह केरचं तिकीट वेगळं, 15 डॉलर. मार्गदर्शकाशी बोलताना ही तिकिटं धरली आहेत का ते विचारा, बहुधा धरलेली नसतात.

जेवण हीच खरी अडचण आहे. "भाजी" म्हटली तरी तिच्यात तुक त्रेय, म्हणजे माशाचं पाणी पडतं, आणि प्राहोक ही आंबवलेल्या माशांची चटणी कशात असेल सांगता येत नाही. मार्गदर्शकाकडून हे दोन शब्द "नको" असं ख्मेरमध्ये कागदावर लिहून घ्या. त्याहून बरं म्हणजे सकाळी डबा न्या. वाटेवर क्रालान मिळतो का बघा. बांबूच्या नळीत चिकट तांदूळ, घेवड्यासारखे काळे दाणे आणि नारळ घालून निखाऱ्यावर भाजतात. साल सोलून खायचा. कोकणातल्या माणसाला आवडेल.

बेंग मेलिआबद्दल : परत येताना वाटेत लागतं, तेव्हा ठेवा, पण ऐच्छिक ठेवा. बाराव्या शतकातलं, अंगकोर वाटच्या घडणीचं प्रचंड देऊळ, आणि जवळजवळ कोसळलं तसंच ठेवलेलं. आत लाकडी फळ्यांची वाट आहे, तिच्यावर चढउतार आहेत. बाबा थकले असतील तर बाहेरच्या मार्गावरचा पंचफणी नाग बघून परत फिरा. तो नाग फार सुंदर आहे. आणि बांतेय स्रेई त्या दिवशी अजिबात नको, ते अंगकोरच्या दिवसात बसतं.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. मनोऱ्याच्या परिच्छेदाला मला धाकधूक होती. ते म्हणाले, "देव वर नाहीच, तर मी खालीच बसतो." आणि लगेच प्रासात चेनचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. दुर्योधनाच्या पावलांचं ऐकून बराच वेळ गप्प होते.

ठरलं ते असं : स्वतंत्र गाडी, परवानाधारक मार्गदर्शक, सकाळी साडेसहाला निघायचं. आधी प्रासात प्राम, मग ऊन वाढायच्या आत प्रासात थोम, डबा, लिंगांची देवळं, प्रासात चेन. परतताना बेंग मेलिआ, जमलं तर. दुसरा दिवस पूर्ण आरामाचा. आई अजून पुरती तयार नाही, पण दूतावासाच्या सूचना ती स्वतः बघणार आहे, आणि तिने नको म्हटलं तर कोह केर सोडून बाकीचं करायचं असं आमचं बोलणं झालंय. एका मार्गदर्शकाला लिहिलंय. शिलालेख कुठे कुठे आहेत हे दाखवू शकणारं कुणी माहीत असेल तर मला खासगी निरोप (व्यनि) करा.

बाबांचा एक प्रश्न राहिला, तो त्यांच्याच शब्दांत : "आपल्याकडे शाळुंकेचं पाणी उत्तरेला जातं. कोह केरच्या शाळुंकांची पन्हळ कुठल्या दिशेला आहे?" ज्यांच्याकडे त्या गाभाऱ्यांचे फोटो आहेत आणि देऊळ कुठे तोंड करून उभं आहे हे आठवतंय, त्यांनी सांगाल का? ते रोज विचारताहेत.