नवी माणसं आली, आता बँडनं जुनीच गाणी वाजवायची का?

धरमपेठचा गिटारवाला
आमचा प्रोग रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) बँड आहे, नागपुरातलाच. कीबोर्डवाला नोकरीसाठी पुण्याला गेला, ड्रमरनंही सोडलं. आता ड्रमर नवा, आणि कीबोर्डच्या जागी दुसरा गिटारवाला. प्रतापनगरच्या खोलीत कूलर लावून सराव करून राहिलो. नवा पोरगा कीबोर्डचे भाग गिटारवर जसेच्या तसे वाजवतो, पण गाणं उभं राहत नाही. किंग क्रिमसन या इंग्लिश प्रोग बँडनं १९८१ मध्ये हे कसं जमवलं?

सदरचा श्रोता
भाऊ, नव्या माणसाला जुन्याची जागा भरायला लावून राहिले तुम्ही. क्रिमसनचा गिटारवाला रॉबर्ट फ्रिप, त्यानं उलटं केलं. १९७४ मध्ये त्यानं बँड मोडला. १९८१ ला परत उभा केला तेव्हा जुन्यांपैकी सोबत फक्त ड्रमर बिल ब्रुफर्ड. गिटार वाजवणारा अन् गाणारा एड्रियन बेल्यू आणि बेसवाला टोनी लेविन दोघंही नवे, दोघंही अमेरिकन. मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड) गेला, व्हायोलिन गेलं. फ्रिपच्या जोडीला दुसरा गिटारवाला या बँडमध्ये तोवर कधीच नव्हता, अन् त्यानं दोन गिटारांनाच गाण्याचा कणा केलं.

त्यांचं 'फ्रेम बाय फ्रेम' हेडफोन लावून ऐका. दोघं एकच ओळ धरतात, मग एक जण एक सूर गाळतो. ओळी एकमेकींपासून सरकत जातात आणि फिरून एका जागी भेटतात. तबला ऐकत वाढलेल्याला ती सम आपोआप कळते. मला तर अजूनही काटा येतो!

जुन्या गाण्यांचं म्हणाल, तर मंचावर दोनच ठेवली: 'रेड' आणि 'लार्क्स टंग्स इन आस्पिक'चा दुसरा भाग. दोन्हींत गाणं नाही, नुसतं वादन. बेल्यूला जुन्या गायकासारखं गायची वेळच आली नाही. फार शहाणी निवड.

ड्रमवाली, त्रिमूर्तीनगर
ब्रुफर्डचं राहिलं. फ्रिपला सिम्बल (ड्रमसेटच्या झांजा) कमी हवे होते, म्हणून ब्रुफर्डचा हात टॉम ड्रमकडे आणि सिमन्सच्या इलेक्ट्रॉनिक पॅडकडे वळला. तुमच्या ड्रमरला एक पूर्ण सराव क्रॅश आणि राइड हे सिम्बल काढून वाजवू द्या. गिटारना केवढी जागा मिळते बघा.

सदरचा श्रोता
आणि नावाची घाई नका करू. त्यांनीही आधी बँडचं नाव 'डिसिप्लिन' ठेवलं होतं, किंग क्रिमसन नंतर झालं.

धरमपेठचा गिटारवाला
रविवारी कीबोर्डचे सगळे भाग काढतो. सात मात्रांची एक ओळ नव्या पोरालाच रचायला सांगतो, मी तीच एक सूर गाळून वाजवीन. ताई, हाय-हॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी) ठेवायचा की तोही काढायचा?