दुखणाईत उपग्रहावर सेवा चालू ठेवावी का? इंटेलसॅट 33ई च्या निमित्ताने

डिशवाला

इंटेलसॅट 33ई 19 ऑक्टोबर 2024 ला भूस्थिर कक्षेत फुटला. तेव्हापासून एक वाक्य सतत कानावर येतं: "तो 2017 लाच काढून टाकायला हवा होता." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंटेलसॅट कंपनीचा, बोइंगने बांधलेला साडेसहा टनी उपग्रह, जागा 60 अंश पूर्व रेखांश. ऑगस्ट 2016 मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान 5 रॉकेटवर गेला. कक्षा उंचावताना मुख्य इंजिनाने दगा दिला, मग लहान थ्रस्टर (जागेवर ठेवणारी छोटी इंजिनं) रेटून हळूहळू वर नेला. सेवा जानेवारी 2017 च्या शेवटी सुरू झाली, म्हणजे ठरल्यापेक्षा उशिरा. त्याच वर्षी दुसरं दुखणं निघालं. उत्तर-दक्षिण सरकणं रोखायला अपेक्षेपेक्षा जास्त इंधन जळत होतं, आणि 15 वर्षांच्या आयुष्यातली साधारण साडेतीन वर्षं गेली.

आता सांगा, साडेअकरा वर्षं शिल्लक असलेला, ट्रान्सपॉन्डर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारी यंत्रं) ठणठणीत असलेला उपग्रह कोण मोडीत काढेल? त्याच्यावर आफ्रिकेतले मोबाइल टॉवर होते, जहाजं होती, विमानं होती. आणि हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. गॅलेक्सी 4आर या अमेरिकेच्या टीव्ही उपग्रहाचे दोन्ही आयन थ्रस्टर (विजेवर चालणारे) 2003 पर्यंत मेले होते. राखीव रासायनिक थ्रस्टरवर त्याला 2006 पर्यंत ओढला, नवा गॅलेक्सी 16 कक्षेत पोचल्यावर ग्राहक त्याच्यावर हलवले. कोणी बोंब मारली नाही, कारण बदली वेळेत आली.

माझं म्हणणं एवढंच. थ्रस्टर दुखावला म्हणून सेवा बंद करायची नसते. स्मशानकक्षेत (निवृत्त उपग्रह नेऊन सोडायची वरची कक्षा) जायचं इंधन बाजूला काढायचं आणि ग्राहकाची पर्यायी वाट आधीच लिहून ठेवायची. 33ई च्या बाबतीत दुसरी गोष्ट कच्ची राहिली. फुटल्यावर ग्राहकांना स्वतःच्या आणि दुसऱ्या कंपन्यांच्या उपग्रहांवर हलवायची धावपळ झाली, ती आधी कागदावर असायला हवी होती.

तारांगण_नाशिक

धागाकर्ते, तुम्ही सगळा हिशोब इंधनाच्या किलोंत केलात. प्रश्न किलोंचा नाहीच. इंधन जास्त जातंय म्हणजे थ्रस्टर नीट जळत नाही, किंवा तिरका ढकलतोय, किंवा कुठेतरी गळतंय. पहिल्या दोन शक्यतांत आयुष्य घटतं. तिसऱ्या शक्यतेत काय होतं ते याच कुटुंबातल्या इंटेलसॅट 29ई ने दाखवलं. तोही बोइंगच्या 702एमपी साच्याचा, तोही 2016 चा. एप्रिल 2019 मध्ये प्रणोदन यंत्रणेला (टाक्या, नळ्या, थ्रस्टर) इजा झाली, इंधन गळायला लागलं आणि दोन आठवड्यांच्या आत तो पूर्ण गेला म्हणून जाहीर करावं लागलं. अटकळीने नव्हे, सख्ख्या भावाच्या अनुभवाने सांगतोय.

ज्या दिवशी 29ई गेला त्या दिवशी 33ई ची फाइल पुन्हा उघडून 'आता किती वर्षं' हे नव्याने ठरवायला हवं होतं. टाकी गळतेय की नाही याची खात्री नसलेली एसटी कोणी घाटात घालत नाही, मग मागचं बुकिंग कितीही असो.

आणि घाट सगळ्यांचा आहे. भूस्थिर कक्षेत हवा नाही, तुकडे खाली येत नाहीत. 75 अंश पूर्वेला पृथ्वीच्या किंचित लंबगोल विषुववृत्तामुळे एक स्थिर बिंदू आहे. 60 अंशांवर जी वस्तू मरून पडते ती त्या बिंदूभोवती हेलकावे खाते, साधारण 60 ते 90 अंशांच्या दरम्यान, एका फेरीला दोन वर्षांहून जास्त. स्फोटाने फारसा धक्का न बसलेले तुकडेही याच वाटेने जाणार. या पट्ट्यात कोण बसलंय? 74 ला आपले उपग्रह, 83 ला जीसॅट-30. तुमचा ग्राहक आफ्रिकेत असेल, कचरा आपल्या दारात आलाय.

हिशेबनीस

मी विम्याच्या धंद्यात आहे (अंतराळ नाही, जहाजं), त्यामुळे बातमीतलं एकच वाक्य डोळ्यात भरलं: फुटला तेव्हा 33ई वर विमा नव्हता.

2017 च्या दोषासाठी साधारण 7.8 कोटी डॉलरचा दावा झाला होता. म्हणजे आयुष्य घटल्याची भरपाई मागितली, उपग्रह वापरत राहिले, आणि पुढे विम्याविना चालवला. यात बेकायदेशीर काही नाही. मोठे ऑपरेटर कक्षेतला विमा सरसकट घेतही नाहीत, पन्नास उपग्रहांतला एखादा गेला तर सोसू म्हणतात. पण 'आम्ही जोखीम नीट तोलली होती' हे ऐकताना एवढं लक्षात ठेवा की तोलणारा आणि कमावणारा एकच होता. बाहेरचा सर्व्हेअर नाही, दरवर्षीची तपासणी नाही. बंदरात वीस वर्षांचं बार्ज आणलं तरी आम्ही त्याच्या पत्र्याची जाडी मोजून घेतो.

त्यात मे 2020 ते फेब्रुवारी 2022 ही कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली होती, डोक्यावर 15 अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज. अशा वेळी पैसे आणणारा उपग्रह कोण बंद करणार?

दर्यासारंग

मी जहाजावर ईटीओ (विजेच्या यंत्रणांचा अधिकारी) आहे, व्हीसॅटचा म्हणजे उपग्रह इंटरनेटच्या अँटेनाचा डोम माझ्याच गळ्यात. ग्राहक दुसऱ्या उपग्रहावर हलवणं आम्हाला सोपं आहे. आमचा अँटेना तसाही दिवसभर डोलत उपग्रह शोधत असतो. कंट्रोलरमध्ये नवीन रेखांश टाकला, मॉडेमला नवीन ऑप्शन फाइल (सेटिंगची फाइल) दिली की चिमणी आड येत नसेल तर थोड्या वेळात लॉक. हल्ली तर बीम आपोआप बदलतो, पोरांचा व्हॉट्सअॅप बंद पडला तरच कळतं.

म्हणून मला एक शंका आहे. उत्तर-दक्षिण पकडून ठेवायलाच सगळं इंधन जातं ना? मग ती पकड सोडायची. उपग्रह कललेल्या कक्षेत जाऊ दे, रोज आकाशात आठाचा आकडा काढू दे. आमचे अँटेना त्याच्या मागे फिरतील. थ्रस्टरवर ताण नाही, आयुष्य वाढतं. हा मधला मार्ग का नाही?

डिशवाला

@दर्यासारंग, मुद्दा बरोबर आहे. जुन्या उपग्रहांवर हे सर्रास करतात. उत्तर-दक्षिण धरून ठेवायला वर्षाला सेकंदाला 50 मीटरच्या आसपास वेग खर्च होतो, पूर्व-पश्चिमेला दोनेक मीटर. पहिला खर्च बंद केला की उरलेल्या इंधनावर उपग्रह कित्येक पट जास्त जगतो.

पण जमिनीवरचं गणित ऐका. पकड सोडल्यावर कल वर्षाला पाऊण ते एक अंश वाढतो. केयू बँडवर (उपग्रह सेवेची एक लहरपट्टी) 1.2 मीटरच्या डिशचा झोत सगळा मिळून दीडेक अंशाचा. म्हणजे वर्षभरातच उपग्रह दिवसातून दोनदा झोताच्या कडेला जातो, सिग्नल अर्ध्यावर येतो. गंमत अशी की मोठ्या डिशला हे आधी भोवतं, कारण तिचा झोत आणखी अरुंद. मग प्रत्येक जागी ट्रॅकिंगची मोटर बसवायची. जहाज-विमानांना चालतं, टॉवरवाल्यांना नाही.

आणि टॉवरवाल्यांना हलवणं म्हणजे काय, तेही सांगतो, कारण आयुष्य त्यातच गेलं. एक माणूस गाडी करून साइटवर जातो. गंजलेले अॅझिमथचे (डावी-उजवी दिशा) बोल्ट सैल करतो, एलिव्हेशनचा (वर-खाली) रॉड फिरवतो, मीटरवर पीक घेतो, एलएनबी (डिशसमोरचा रिसीव्हर) फिरवून पोल म्हणजे लहरींची दिशा जुळवतो. मग हबला (मुख्य केंद्राला) फोन लावून क्रॉस-पोलची (दुसऱ्याच्या सिग्नलला त्रास होत नाही ना याची) चाचणी पास होईपर्यंत उन्हात उभा राहतो. समोरून आवाज येतो, "सर, अजून दोन डीबी द्या." अशा शेकडो साइट, काही ठिकाणी पोचायलाच दोन दिवस. 'काढून टाका' म्हणणाऱ्यांनी हा खर्च धरलेला नसतो.

@तारांगण, 29ई च्या चौकशीत दोन कारणं पुढे आली: सूक्ष्म उल्का, किंवा वायरिंगमधला दोष आणि त्यावर सौर हालचालींमुळे झालेला विद्युत विसर्ग. थ्रस्टर जास्त इंधन खातोय हा 33ई चा आजार वेगळा. 2017 चा दोष आणि 2024 चा स्फोट यांचा संबंध कोणी सिद्ध केलेला नाही. तुम्ही तो गृहीत धरून बोलताय.

कांदेपोहे

डिशवाले, 'सिद्ध झालेलं नाही' हे ऑपरेटरच्या वकिलाचं वाक्य आहे. 😀

तारांगण_नाशिक

मी संबंध गृहीत धरलेला नाही. मी म्हणतोय की संबंध आहे की नाही हे माहीत नसताना उपग्रह चालू होता. तुमच्याच दोन कारणांकडे बघा. उल्का असेल तर नशीब. वायरिंग असेल तर तोच साचा, तोच कारखाना, आणि 33ई वर ती तपासायला कोणी जाऊ शकत नाही. अशा वेळी संशयाचा फायदा कोणाला द्यायचा? तुम्ही ग्राहकाला देताय, मी कक्षेला देतोय.

आणि टाकी. 33ई मेला तेव्हा आठ वर्षांचा होता, तुमच्याच हिशोबाने 2028 पर्यंत चालणार होता. म्हणजे पोटात भरपूर इंधन आणि ते जाळणारा ऑक्सिडायझर, ही जोडी एकत्र आली की ठिणगीशिवाय पेटते. निवृत्त करताना म्हणूनच टाक्या रिकाम्या करतात, बॅटऱ्यांचा चार्ज संपवतात. स्मशानकक्षेसाठी 300 किलोमीटर वर जायला सेकंदाला 11 मीटर पुरतात, जेमतेम तीन महिन्यांचं जागा धरण्याचं इंधन. महाग अजिबात नाही. पण ते वापरायला थ्रस्टरवर भरवसा हवा, आणि इथे नेमका तोच दुखावलेला. बाजूला काढून ठेवलेलं इंधन स्फोट झाल्यावर कशाला उपयोगी?

मेकॅनिक_भोसरी

एमईव्हीचं, म्हणजे दुसऱ्या उपग्रहाला चिकटून त्याचं आयुष्य वाढवणाऱ्या यानाचं नाव कोणीच कसं घेत नाही? इंटेलसॅटनेच वापरलंय. इंटेलसॅट 901 हा 2001 चा उपग्रह, इंधन संपत आलेलं. फेब्रुवारी 2020 मध्ये एमईव्ही-1 त्याच्या मुख्य इंजिनाच्या नळकांड्यात दांडा घालून त्याला चिकटलं, आणि एप्रिलपासून तो 27.5 अंश पश्चिमेला परत कामाला लागला. पाच वर्षांनी एमईव्हीनेच त्याला स्मशानकक्षेत नेऊन सोडला. 2021 मध्ये एमईव्ही-2 हे इंटेलसॅट 10-02 ला चिकटलं. ते इंधन भरत नाही, जोडीला राहून स्वतःच्या थ्रस्टरवर दोघांना सांभाळतं. 33ई लाही हे करता आलं असतं: त्याचे थ्रस्टर बंद, व्हॉल्व्ह बंद, ढकलायचं काम एमईव्हीचं. सेवाही राहिली असती, धोकाही कमी.

हिशेबनीस

@मेकॅनिक, एमईव्ही दोनच होती आणि दोन्ही 2020-21 पासून करारात अडकलेली. शिवाय भाडं वर्षाला कोटीहून जास्त डॉलर. म्हाताऱ्या पण कमावत्या उपग्रहाला ते परवडतं, कारण दुसरा पर्याय नवीन उपग्रह हा असतो. 33ई चं स्वतःचं इंधन शिल्लक असताना एमईव्हीचं भाडं द्या म्हणून संचालक मंडळाला कोण पटवणार?

पण व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्याच्या थ्रस्टरवर चालवायची कल्पना मला आवडली. मी विमा लिहीत असतो तर हप्ता कमी केला असता.

डिशवाला

@तारांगण, ठीक, दोघांचं भांडण कुठे आहे ते तरी आता स्पष्ट झालं. मग नियम सांगा. किती इंधन जास्त गेलं की निवृत्त? दहा टक्के? तीस? सरसकट नियम केलात तर जगातले निम्मे भूस्थिर उपग्रह उद्या बंद होतील, कारण काही ना काही दुखणं प्रत्येकाला असतं. आणि तो भार वाळवंटातल्या त्या एकट्या टॉवरवर पडेल, ज्याला फायबर कधीच मिळणार नाही.

तारांगण_नाशिक

टक्क्याचा नियम नकोच. प्रणोदनात दोष निघाला की परवाना देणाऱ्या देशाकडे दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञाचा अहवाल, तो इतर ऑपरेटरांनाही खुला, आणि त्याच साच्याचा दुसरा उपग्रह गेला की तीन महिन्यांत नवा अहवाल. हिशेबनीस बार्जला लावतात तेच.

आज उलटी स्थिती आहे. इकोस्टार-7 ची टाकी अंदाजापेक्षा लवकर रिकामी झाली, तो 300 च्या ऐवजी 122 किलोमीटरच वर जाऊ शकला, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने (दूरसंचार नियामक) त्याच्या मालकीच्या 'डिश' नावाच्या कंपनीला दीड लाख डॉलर दंड केला. असा पहिलाच दंड. दीड लाख डॉलर! एवढ्यात तुमच्या त्या टॉवरांचे बोल्टसुद्धा बदलून होणार नाहीत.

दर्यासारंग

अहवाल इतरांना खुला ठेवायला कुठलाच ऑपरेटर तयार होणार नाही. ग्राहकाला तरी द्या. 2017 पासून आम्ही त्या बीमखालून ये-जा करत होतो, उपग्रहाचं आयुष्य घटलंय हे मला बातमीतून कळलं, सेवा देणाऱ्याकडून नाही. कळलं असतं तर दुसऱ्या डोमचं भांडण कंपनीशी तेव्हाच केलं असतं.