नेपिअरच्या मुरघासात गूळ टाकावा का कल्चर?

रेणापूरचा गोठा: राम राम मंडळी. औंदा पाऊस बरा झाला, विहिरीकडचं नेपिअर गवत डोक्याच्या वर गेलंय, उन्हाळ्यासाठी मुरघास (हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा) करून ठेवावा म्हणतो. मक्याचा मुरघास दरसाल जमतो ओ, पण नेपिअरच्या बॅगा फोडल्या की सडका वास यायलाय, खालून काळं पाणी निघतंय अन् म्हशी तोंड लावंनात. दुकानदार म्हणतो कल्चर (चारा आंबवणारे जिवाणू) घ्या, शेजारी म्हणतो युरिया मार, यूट्यूबवाले गूळ सांगायलेत. काय टाकावं बरं?

देवणीवाला: दादा, मक्याच्या मापानं नेपिअर मोजू नका. मक्यात साखर भरपूर असती, नेपिअरात कमी, अन् पाणी 80 टक्क्यांच्या आसपास. चांगले जिवाणू साखर खाऊन आम्ल करतात, पीएच (आंबटपणाचं माप, जेवढा कमी तेवढं आंबट) 4 च्या जवळ आला की मुरघास टिकतो. साखर अर्ध्यात संपली की दुसरे जिवाणू माजतात, तुमचा सडका वास तो. म्हणून आधी पाणी कमी करा. दव उडाल्यावर कापा, दिवसभर सुकू द्या, मग अर्धा-पाऊण इंच कुट्टी. मुठीत दाबून बघा, पाणी ठिबकलं तर अजून ओलं आहे. नंतर टनाला 20 ते 30 किलो गूळ, जेमतेम पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडा. अन् डोक्याच्या वर वाढू देऊच नका, काडी जून झाली की जनावर निवडून खातं.

अंबडकर भाऊ: युरियाला माझा सरळ नकार. त्यानं आम्ल मारलं जातं, पीएच खाली यायला उशीर लागतो, इथं आधीच साखरेची बोंब. वाळल्या भुसकटावर युरियाची प्रक्रिया करतात, ती गोष्ट वेगळी. कल्चर चांगलं, पण ते साखर बनवत नाही, असलेली वापरतं. त्यामुळं नुसतं कल्चर टाकून नेपिअर सुधारंल ही आशा सोडा, सोबत गूळ पाहिजेच. अन् क्लोरीनच्या नळाच्या पाण्यात कालवू नका, जिवाणू मरतात.

औसा डेअरी: सुकवा म्हणणं सोपंय देवणीवाले, सप्टेंबरात रोज संध्याकाळी पाऊस, गडी मिळंना, कापलेलं पसरायचं कुठं? आम्ही ज्वारीच्या कडब्याची कोरडी कुट्टी मिसळतो. 80 टक्के पाण्याच्या 100 किलो नेपिअरात 10 किलो घातली की पाणी 73-74 टक्क्यांवर येतं, काळं पाणी बंद. पण कडबा पोकळ असतो, तुडवताना कसर ठेवली तर हवा राहून बुरशी धरणारच. मक्याचा भरडा पण चालतो, ओल ओढतो अन् खुराकाचं मोल वाढवतो, पण त्यातला स्टार्च त्या जिवाणूंना बहुतेक वापरता येत नाही, म्हणून गूळ सुटत नाही. भाव बघून ठरवा.

रेणापूरचा गोठा: गुळाऐवजी मळी (साखर करताना उरणारा काळा दाट पाक) चालंल का? आपल्याकडं कारखाने हायेत की.

अंबडकर भाऊ: चालंल की, टनाला 30-40 किलो. पण कारखान्याच्या गेटवरून कॅन भरून आणता येत नाही, मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, परवाना लागतो. पशुखाद्याच्या दुकानात मिळाली तर घ्या, नाहीतर बाजारात कमी भावाला जातो तो काळा गूळ बघा, जिवाणूंना रंगाशी काय करायचंय.