मदत हवी आहे: कंपनीने दिलेल्या फीवर टॅक्स कापतायत, वर बाँडवर सही मागतायत (अमेरिका)

गडबडगुंडा
कंपनीची ट्यूशन रिइम्बर्समेंटची (भरलेली फी परत देण्याची) सोय आहे म्हणून नोकरी सांभाळून मास्टर्स सुरू केलं. मागच्या कोर्सचे पैसे पूर्ण मिळाले, कुणी हूं की चूं केलं नाही. या वेळी एचआर म्हणते, काही रकमेवर टॅक्स कापणार. शिवाय एक कागद सहीसाठी आलाय: नोकरी सोडलीत तर पैसे परत करा. असं मध्येच नियम बदलता येतात का? सही करू की नको? शुक्रवारपर्यंत कळवायचंय. कृपया 'सीपीएला (टॅक्सच्या अकाउंटंटला) विचारा' असं सांगू नका, ते मलाही सुचलंय.

आकडेमोड
रक्कम? आधीचे पैसे कोणत्या वर्षात मिळाले? राज्य कोणतं? कशातलं मास्टर्स? एवढं तरी लिहा हो, इथे कुणी ज्योतिषी नाही.

खडूस_काका
एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) पार्टटाइम शिकता येतं. त्यासाठी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यायची गरज नाही, फक्त मूळ नोकरी चालू राहिली पाहिजे. लोक उगाच घाबरतात.

गडबडगुंडा
काका, माझं ग्रीन कार्ड आहे. व्हिसाचं कुठे विचारलं मी?
उन्हाळ्यातल्या कोर्सचे ३,९०० डॉलर सप्टेंबरमध्ये मिळाले. आत्ताच्या कोर्सचे तेवढेच आहेत. राज्य टेक्सास.

आकडेमोड
मग कोडं सुटलं. फेडरल टॅक्स कोडच्या कलम १२७ खाली कंपनी एका कॅलेंडर वर्षात ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणखर्च टॅक्सशिवाय देऊ शकते. तुमचे ७,८०० होतात. वरचे २,५५० पगारात धरले जाणार, डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा टॅक्स फॉर्म) च्या पहिल्या चौकोनात दिसणार. त्यावर इन्कम टॅक्स, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के. नियम कुणी बदललेला नाही, पहिल्या वेळी तुम्ही मर्यादेच्या आत होतात इतकंच. हा ५,२५० चा आकडा १९८६ पासून जागचा हललेला नाही. २०२५ च्या कायद्यामुळे २०२६ नंतर महागाईप्रमाणे वाढेल.

पाणपोई
असहमत. मला कंपनीने ११,००० दिले, एक पैसा टॅक्स लागला नाही. कोर्स कामाशी संबंधित असेल तर मर्यादाच नसते. एचआरला ठणकावून सांगा.

आकडेमोड
ते कलम १३२, कामासाठी लागणाऱ्या खर्चाची सवलत, वेगळं प्रकरण. त्यात कोर्सने सध्याच्याच कामातलं कौशल्य टिकलं किंवा वाढलं पाहिजे, नाहीतर कंपनीने किंवा कायद्याने तो सक्तीचा केलेला पाहिजे. कामासाठी किमान लागणारी पात्रता मिळवायला किंवा नव्या व्यवसायात शिरायला घेतलेला कोर्स त्यात बसत नाही. 'संबंधित' म्हटलं की झालं, असं नसतं. तुमचं काम काय होतं?

पाणपोई
डेटाबेस. कोर्सही डेटाबेसचाच.

आकडेमोड
म्हणून बसलं. आता धागाकर्त्याने सांगावं की 'मास्टर्स' म्हणजे नेमकं काय.

गडबडगुंडा
एमबीए. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं.

आकडेमोड
घ्या! एमबीएवर तर कोर्टात भांडणं झालीत. टेस्टरच्या एमबीएला एचआर १३२ लावणार नाही.

रिकामटेकडी
मला कळत नाही, एमबीएचा हव्यास कशाला? दोन-तीन क्लाउड सर्टिफिकेशन्स करा, पगार तेवढाच वाढतो, बाँडही नाही. माझ्या टीममध्ये

रिकामटेकडी
(अर्धवट गेलं) माझ्या टीममध्ये सगळ्यांनी हेच केलं.

खडूस_काका
सर्टिफिकेशनला काळं कुत्रं विचारत नाही आता. डिग्री ती डिग्री.

सांजवात
मारामारी नंतर करा. टॅक्सपेक्षा तो कागद महत्त्वाचा आहे. त्यातलं वाक्य जसंच्या तसं लिहा. नुसतं 'पैसे परत करा' यावर कुणी काय सांगणार?

गडबडगुंडा
इंग्रजीत आहे, मतितार्थ असा: शेवटचं पेमेंट मिळाल्यापासून २४ महिन्यांच्या आत कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास, यापूर्वी दिलेल्या रकमांसह, सर्व रक्कम ३० दिवसांत परत करावी लागेल, ती अंतिम पगारातून वळती करण्यास माझी संमती आहे.

सांजवात
बापरे. एका वाक्यात चार खुट्ट्या मारल्यात.
'कोणत्याही कारणाने' म्हणजे ले-ऑफमध्येही. तिथे 'स्वतःहून सोडल्यास' करून मागा. मी मागितलं होतं, मिळालं.
'यापूर्वी दिलेल्या' हे खोडायला सांगा. ते पैसे सहीशिवाय मिळालेत, आता मागून दोरी का बांधून घ्यायची?
'सर्व रक्कम' ऐवजी महिन्यागणिक कमी होत जाणारी हवी. आणि 'शेवटचं पेमेंट' असेल तर प्रत्येक नव्या कोर्सला जुन्या पैशांचे २४ महिने पहिल्यापासून मोजणार. प्रत्येक पेमेंटची मुदत वेगळी धरा म्हणावं.
पगारातून कापायला टेक्सासमध्ये लेखी संमती लागते, म्हणून ती तिथे घुसडलीय.

पाणपोई
असे बाँड आता बेकायदा आहेत. कॅलिफोर्नियाने बंद केले.

सांजवात
कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२६ पासूनच्या करारांना आहे, त्यातही ट्यूशनला अटींवर सूट आहे. आणि माणूस टेक्सासात बसलाय!

गडबडगुंडा
दुसरीकडे इंटरव्ह्यू चालू आहेत म्हणून विचारतोय.

आकडेमोड
हे आधी सांगायचं की राव. मग नव्या कंपनीकडे जॉइनिंग बोनसमध्ये ही परतफेड मागता येते. त्या बोनसवर टॅक्स लागतो, तेव्हा आकडा फुगवून मागा.
आणि एक: फॉलची (आत्ताच्या सत्राची) ग्रेड लागली का? मर्यादा पैसे *मिळतात* त्या वर्षाची असते. क्लेम जानेवारीत गेला तर ३,९०० पुढच्या वर्षाच्या ५,२५० मध्ये बसतील, टॅक्स शून्य. मात्र पुढच्या वर्षीची तेवढी जागा खाल्ली जाईल, आणि यंदाचे उरलेले १,३५० पुढे नेता येत नाहीत.

गडबडगुंडा
ग्रेड डिसेंबरच्या मध्याला लागेल. पॉलिसीत ग्रेडनंतर ४५ दिवस दिलेत. म्हणजे जमतंय!! एचआरने हे का नाही सांगितलं?

आकडेमोड
त्यांना काय पडलंय. डिसेंबरमध्येच घ्यावे लागले तर टॅक्स लागलेल्या २,५५० वर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट (शिक्षणखर्चासाठी थेट टॅक्समधून मिळणारी वजावट) बघा, २० टक्के म्हणजे ५१० डॉलर. एकट्याचं उत्पन्न ८०,००० च्या वर गेलं की कमी होत जातं, ९०,००० ला संपतं. टॅक्स-फ्री मिळालेल्या पैशांवर ते घेता येत नाही.

गडबडगुंडा
उत्पन्न त्याच्या वर आहे, ते सोडा. सांजवात, तुमचे चारही मुद्दे एचआरला मेल केले. 'लीगलकडे पाठवते' म्हणाली. सही तोवर थांबवलीय.

निळी_छत्री
छान धागा. माझी कंपनीही फी देते. बायकोच्या नर्सिंगच्या फीला चालेल का?

आकडेमोड
नाही. कलम १२७ ची सवलत कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या शिक्षणाला. कंपनीने बायकोची फी दिली तर ती तुमच्या पगारात धरतील.

खडूस_काका
बायको एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे का? एच-४ वर शिकता येतं.