विषय: अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना मास्क लावायचा का?

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,
शनिवारी सकाळी 10 वाजता शाळेच्या हॉलमध्ये अथर्वशीर्षाची 21 आवर्तनं आहेत. सध्या बऱ्याच घरांत खोकला-ताप चालू आहे आणि भारतातून आलेले आईवडीलही येणार आहेत. म्हणून आवर्तनांपुरता सगळ्यांनी मास्क लावावा, असं समितीला वाटतं. मतं कळवा.

---

प्रेषक: मंदार

सर्वांना नमस्कार,
माझा विरोध आहे आणि तो कंटाळ्यापोटी नाही. कोविडचा विषाणू साधारण 0.1 मायक्रॉनचा. मास्कच्या धाग्यांमधली भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी. डासांसाठी कुंपण घालण्यातला हा प्रकार. शिवाय वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2023 च्या अहवालात मास्कने फारसा फरक पडत नाही असंच आलं होतं ना? वर्षातून एकदा खड्या आवाजात सगळे मिळून म्हणतो, तेही तोंड बांधून?

---

प्रेषक: नीलाताई

मंदार,
तुझा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. निवृत्त होईपर्यंत इथल्या एका रुग्णालयात मी नर्सेसच्या मास्कची फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का याची परीक्षा, घेत असे.

आधी भोकांचं. मास्क म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. विषाणू सुटा उडत नाही, तो श्वासातल्या ओलसर कणात बसून बाहेर पडतो. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि धाग्यावर आदळतात. अगदी बारीक कण सरळ जातच नाहीत, भिरभिरत राहतात आणि कुठल्या ना कुठल्या धाग्याला चिकटतात. निसटायची शक्यता जास्त ती मधल्यांची, साधारण 0.3 मायक्रॉनच्या आसपासची. म्हणूनच एन95 ची परीक्षा त्या मापाच्या कणांवर घेतात आणि त्यातले किमान 95 टक्के अडले तरच तो पास होतो. त्याच्या धाग्यांवर विद्युतभारही असतो, तो कणांना ओढून घेतो. तेव्हा एन95 साबणाने धुऊ नका, त्यावर अल्कोहोल फवारू नका. भार जातो आणि मास्क दिसायला तसाच राहतो.

कापडापेक्षा घात करते ती फट. फिट टेस्टमध्ये डोक्यावर टोपडं चढवून आत सॅकरिनचा फवारा मारतात. मग माणसाने मान वळवायची, वाकायचं, मोठ्याने वाचायचं. जिभेला गोड लागलं की मास्क नापास. नुसतं उभं असताना काही न लागणारी नर्स मान डावीकडे वळवताच “गोड!” म्हणायची, असं कितीदा तरी व्हायचं. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवली की तोच मास्क पुन्हा पास. घरच्या घरी खूण हवी असेल तर चष्मा पाहा. काचेवर वाफ धरली म्हणजे नाकाशी फट आहे. सर्जिकल मास्कचं कापड बरं असतं, पण गालांशी तो उघडाच राहतो.

आता कॉक्रेन. त्या अहवालातले बहुतेक प्रयोग लोकांना मास्क दिल्याने किंवा वापरायला सांगितल्याने काय झालं, हे मोजतात. सांगितलेल्या सगळ्यांनी तो लावला असं नव्हे. “मास्कचा उपयोग नाही हे सिद्ध झालं” हा अर्थ चुकीचा आहे, असं कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनीच मार्च 2023 मध्ये स्पष्ट केलं. डेन्मार्कच्या 2020 च्या प्रयोगात मास्कवाल्या गटात 1.8 टक्के आणि दुसऱ्या गटात 2.1 टक्के लोकांना लागण झाली. एवढ्याशा फरकातून कुठलाच निष्कर्ष निघत नाही. शिवाय लावणाऱ्यामुळे समोरचा किती वाचतो, हे तिथे मोजलंच नव्हतं. बांगलादेशात 600 गावांत मोठा प्रयोग झाला. मास्क वापरणारे 13 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेले, म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. तरी सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला, रक्ततपासणीत सिद्ध झालेला कोविड 11 टक्क्यांनी कमी होता आणि साठीपुढच्यांत 35 टक्क्यांनी. कापडी मास्कचा तसा ठाम फायदा दिसला नाही. मला यात कमाल संरक्षण दिसत नाही, पण आपल्या आईवडिलांच्या वयाला 35 टक्के हा आकडा मी सोडणार नाही.

आणि हे दूरचं वाटत असेल तर आपल्या शेजारचंच सांगते. सिएटलहून उत्तरेला तासाभरावर माउंट व्हर्नन आहे. 10 मार्च 2020 ला तिथे गायकवृंदाची तालीम झाली. 61 माणसं, अडीच तास, एकाला सर्दीसारखी लक्षणं. त्यांतले 53 जण आजारी पडले, दोघं गेले. आपली 21 आवर्तनंही अडीच तासांचीच आणि खड्या आवाजातली. बोलण्यापेक्षा मोठ्याने म्हणताना तोंडातून कितीतरी जास्त कण बाहेर पडतात. ते ओले आणि मोठे असतानाच, तोंडाशीच, अडवणं सोपं. हॉलभर पसरल्यावर ते समोरच्याच्या मास्कवर सोपवावं लागतं.

---

प्रेषक: मंदार

नीलाताई,
चाळणीचं आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. विरोध मागे घेतो. दोन अडचणी आहेत. मला दाढी आहे. आणि आई 78 वर्षांची, पुण्याहून आली आहे. तिला दम लागतो, अडीच तास एन95 तिला सोसणार नाही.

---

प्रेषक: नीलाताई

मंदार,
दाढीवर एन95 घट्ट बसत नाही, आमच्याकडे दाढीवाल्यांची टेस्टच घेत नसत. तरी तू लाव, तोंडातून बाहेर जाणारं बरंच त्यात अडतं. आईंना दाराजवळच्या खुर्चीत बसव, दार आणि खिडक्या उघड्या ठेवू. शेवटच्या पाच आवर्तनांना आणा, तेवढा वेळ मास्क त्यांना जमेल. दम लागला तर काढून सरळ बाहेर अंगणात बसू दे, मी सोबत बसेन.
अंबाडा घालणाऱ्यांनी वरचा पट्टा अंबाड्याच्या वर आणि खालचा मानेवर, कानांच्या खाली घ्यावा. दोन्ही एकत्र मानेवर घेतले की हनुवटीशी फट पडते.
साडेनऊला दाराशी आरसा घेऊन थांबते. माझ्याकडे दोन मापांचे मास्क आहेत. लहान चेहऱ्याच्यांनी आधी मला भेटा.