घरातली झाडं कमी करताय? आधी कीड, मग वाटप (अनुभव धागा)

तिसरामजला

२०२०च्या टाळेबंदीत ज्यांनी घरात झाडं जमवायला सुरुवात केली, त्यातल्या बऱ्याच जणांवर आता उलटी वेळ आलीय. कुणाची सोसायटी पुनर्विकासाला गेली, कुणाच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं, कुणाची मुलं बाहेरगावी गेली आणि पाणी घालणारे हात कमी झाले. आमचं पहिल्या प्रकारातलं. कोथरूडचा तीन गॅलऱ्यांचा फ्लॅट सोडून काही वर्षं भाड्याच्या घरात काढायचीत, आणि तिथली गॅलरी म्हणजे वॉशिंग मशीनची जागा. दीडशेच्या आसपास कुंड्या आहेत, त्यातल्या फार तर तीस नेता येतील.

बाकीच्या द्यायच्या एवढं ठरलं. एकेक कुंडी कोपऱ्यातून उजेडात आणली तसे आतले पोटभाडेकरूही दिसायला लागले. होयाच्या पेरांत कापसासारखे पांढरे पिठ्या ढेकूण, कॅलाथियाच्या पानांमागे लाल कोळ्याची (ठिपक्याएवढी, रस शोषणारी कीड) बारीक जाळी, फर्नच्या देठांवर खवले कीड. माझा नियम एकच: कीड असलेलं झाड कुणाच्या घरी पाठवायचं नाही. द्यायचं झाड आधी बाकीच्यांपासून लांब ठेवायचं, दोन-तीन आठवडे नीट बघायचं, मगच न्यायला बोलवायचं. यामुळे वाटप रखडतं, पण मैत्री टिकते.

तुम्ही काय ठेवलंत, काय दिलंत, कसं ठरवलंत आणि कीड कशी आवरलीत ते लिहा. औषधाचं नाव आणि प्रमाण लिहिलंत तर सोन्याहून पिवळं. 'झाडांशी बोला, ती ऐकतात' हा सल्ला आमच्या सासूबाईंनी आधीच दिलाय.

जास्वंदवाली

आम्ही पार्लेकर, आमचीही बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. माझा सगळा भर जास्वंदीवर, कारण गणपतीला रोज फूल हवं. आणि जास्वंद म्हटलं की पिठ्या ढेकूण आलाच.

बहुतेक जण थेट ढेकणावर तुटून पडतात. आधी मुंग्या बघा. ढेकूण रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चिकटा खातात आणि त्या बदल्यात ढेकणांची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या किडी हुसकावून लावतात. चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते आणि पानं काजळल्यासारखी दिसतात. मी कुंड्या विटांवर ठेवून विटा पाण्याच्या पसरट थाळ्यांत ठेवल्या आणि भिंतीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या. मुंग्यांची वाट बंद झाली की निम्मं काम होतं. (थाळ्यांतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी ओता, नाहीतर डासांची सोय होते आणि महापालिकेचा माणूस दारात उभा राहतो.)

मग छाटणी. शेंडा आखडून पानं एकात एक गुरफटलेली दिसली की तो शेंडा वाचवायच्या भानगडीत पडू नका, आत पांढरी पिल्लावळ असते. खाली पिशवी धरूनच कापा, नाहीतर पिल्लं खालच्या कुंडीत पडतात. कापलेलं साबणाच्या पाण्यात बुडवून मग कचऱ्यात. उरलेल्या झाडाला पाण्याचा जोराचा फवारा, विशेषतः फांद्यांच्या बेचक्यांत. त्यानंतर नीम तेल ५ मिली, भांड्याच्या साबणाचे काही थेंब, एक लिटर कोमट पाणी. आधी तेल आणि साबण एकत्र घोटायचं, मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पहिल्या फवाऱ्यातच सगळं निघून जातं. उन्हं उतरल्यावर मारायचं आणि दर आठवड्याला परत. अंड्यांच्या कापसाळ पिशवीवरून औषध निथळून जातं, म्हणून एका फवारणीत ढेकूण कधीच संपत नाही.

निवड सोपी होती. मोठ्या फुलांच्या हायब्रिड जास्वंदी सतत आजारी, गावठी लाल कायम ठणठणीत. गावठी ठेवली. बाकीच्या बऱ्या करून देवळात दिल्या. पुजारीबुवा फुलांवर खूश आहेत, तिथला माळी मला बघून तोंड फिरवतो.

आळशी_माळी

माझं धोरण: एकदा कीड आली, उपचार. त्याच झाडावर पुन्हा आली, निरोप. कॅलाथिया गेल्या, कोलियस गेले, इंग्लिश आयव्ही तर वर्षभरही टिकली नाही. स्नेक प्लांट, झीझी आणि मनीप्लांट उरले. घर बघून मेव्हणा म्हणाला, बँकेच्या शाखेत आल्यासारखं वाटतंय. वाटू दे. रविवार माझा आहे.

राहुरीकर

कृषीचा विद्यार्थी होतो, आता नोकरी वेगळी, पण नातेवाईक औषधं मलाच विचारतात. थोडं लांबेल.

कोळी हा कीटक नाही. आठ पायांचा जीव आहे, त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक त्याच्यावर चालत नाही. उलट त्याला खाणारे जीव मरतात आणि कोळी जास्तच फोफावतो. ओळखायला पांढरा कागद पानाखाली धरा आणि पान टिचकीने झटका. कागदावरचे ठिपके चालायला लागले की कोळी. त्याला गरम, कोरडी हवा आवडते, म्हणून एप्रिल-मे आणि एसीची खोली. पानांची मागची बाजू नळीच्या पाण्याने धुवा, चार-पाच दिवसांनी परत धुवा. उन्हाळ्यात त्याची एक पिढी आठवडाभरात तयार होते, महिन्यातून एकदा धुऊन उपयोग नाही. नाहीच आटोपलं तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. मात्र कडक उन्हात नको, आणि नीम तेल मारल्यावर दोन-तीन आठवडे तर नकोच, पानं करपतात.

पिठ्या ढेकूण थोडा असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान कोरायच्या कापसाच्या काडीने प्रत्येकावर टेकवा. पावसाळी हवेत व्हर्टिसिलियम ही ढेकणावर वाढणारी बुरशी चांगली लागू पडते, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी. तिच्याबरोबर बुरशीनाशक मारू नका, औषधाची बुरशीच मरेल.

फुलकिडे असतील तर पानावर चंदेरी ओरखडे आणि त्यात काळे ठिपके दिसतात. त्यांना निळे चिकट सापळे, पांढऱ्या माशीला पिवळे. फुलकिड्यांची कोषावस्था बहुधा मातीत जाते, म्हणून नुसती पानं पुसून ते परत परत येतात. स्पिनोसॅड ४५ टक्के लिटरला ०.३ मिली चालतं, पण ते मधमाश्यांना घातक आहे, फुलोऱ्यावर मारू नका.

कळकळीची विनंती: शेतीचं जहाल औषध बंद घरात आणू नका. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. काही घरांत डायक्लोरव्हॉसच्या जुन्या बाटल्या अजून माळ्यावर असतात. त्यावर २०२०च्या अखेरीपासून देशात पूर्ण बंदी आहे.

आणि ढेकूण मारायच्या घाईत एक जीव वाचवा. क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा आहे, १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला. तो ढेकूण खातो, पण त्याची अळी हुबेहूब ढेकणासारखी दिसते, तशीच पांढरी, मेणाच्या झिरमिळ्यांची, फक्त आकाराने मोठी. काडीने डिवचून बघा. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, ही तुरुतुरु पळते. पळाली तर फवारणी थांबवा, ती तुमचंच काम करतेय.

जास्वंदवाली

राहुरीकर, अहो त्या पळणाऱ्या पांढऱ्यांना आम्ही 'ढेकणांचा म्होरक्या' म्हणायचो!

बेएरियाकर

आमच्या घरातला कळीचा मुद्दा कढीपत्ता. कॅलिफोर्निया सोडून सिएटलला जायचं ठरलं तेव्हा मोठं झाड बरोबर न्यायचं आमच्या मनात पक्कं होतं. चौकशी केली तर ते नेताच येत नाही. लिंबूवर्गीय झाडांवरची सिला नावाची कीड कढीपत्त्यावरही वाढते आणि ती लिंबू-संत्र्यांचा हिरवळ्या रोग पसरवते. ही कीड कॅलिफोर्नियात २००८ला सापडली, रोग २०१२ला. त्यामुळे क्वारंटाइन लावलेल्या भागातून लिंबू, कढीपत्ता वगैरे झाडं बाहेर नेता येत नाहीत.

तुमच्याकडे कढीपत्ता असेल तर कोवळ्या पालवीवर बघा. पिवळसर चपटी पिल्लं आणि त्यांनी सोडलेल्या पांढऱ्या मेणाच्या पिळलेल्या दोऱ्या दिसल्या तर तीच. आमचं झाड स्वच्छ होतं, ते शेजारच्या तेलुगू काकूंना दिलं. घरापासून घराचं अंतर वीस पावलं, त्यामुळे कायदाही खूश. काकू अजून व्हिडिओ कॉलवर झाड दाखवतात आणि मागे फोडणीचा आवाज येतो.

थंडीत घरात चिलटं फार होत असतील तर ती ओल्या मातीतल्या बुरशीवर वाढतात. वरची दोन बोटं माती कोरडी होऊ द्या. त्यावर, डासांच्या अळ्यांसाठी बीटीआय जिवाणूंच्या कण्या मिळतात, त्या पाण्यात भिजवून ते पाणी घाला. पिवळे कागद फक्त उडणारी चिलटं पकडतात, अळ्या मातीत मजेत असतात.

सिद्धेश्वरपेठ

संक्रांतीला वाण म्हणून रोपं लुटली. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बायकांना आवडली. काड्या दिवाळीच्या सुमारास लावल्या, कारण थंडी वाढली की मुळं धरायला वेळ घेतात. लावण्याआधी प्रत्येक काडी साबणाच्या पाण्यात बुडवून धुतली. मनीप्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट दिले. रांगतं मूल असलेल्या घरी डायफेनबाखिया देऊ नका, चावलं तर तोंडाची आग होते आणि जीभ सुजते.

मोठी झाडं मात्र वाणात खपत नाहीत. त्यासाठी मी जिन्यात पाटी लावली, 'न्यायला रिक्षा तुमची'. रिक्षा घेऊन येणारा माणूस झाड नक्की जगवतो. 'नंतर येते हं' म्हणणाऱ्या कधीच येत नाहीत.

व्हेरिगेटेड

मी विकली. पिंक प्रिन्सेसच्या (गुलाबी छटांच्या पानांचा फिलोडेंड्रॉन) एका पानाच्या काडीला लोक हजारो मोजत होते तो काळ संपला. टिश्यू कल्चरची रोपं बाजारात आली आणि भाव बसले. ज्यांना वाटतंय की अजून थोडं थांबू, भाव येईल, त्यांनी थांबू नये. कुरियरने पाठवताना मुळांची माती धुवा आणि घेणाऱ्याला सांगा की आलेलं झाड महिनाभर वेगळं ठेव. माझ्याकडे फुलकिडे असेच, महागड्या खोक्यातून आले होते.

वेंगुर्ल्याचा

आमच्याकडे कमी करणं म्हणजे कुंडीतून जमिनीत. क्रोटन, ड्रेसिना, अँथुरियम सगळं माडाखाली लावलं. फक्त मनीप्लांट, सिंगोनियम आणि ती पिवळ्या फुलांची वेडेलिया वहाळाकाठी टाकू नका, बघता बघता सगळी कड व्यापतात.

पावसात आमचा शत्रू गोगलगाय. रात्री टॉर्च घेऊन, हातमोजे घालून वेचणं याला पर्याय मला तरी सापडला नाही. मीठ कुंडीत टाकू नका, झाड आधी मरतं.

अप्पांची_लेक

वडील गेल्यावर सांगलीच्या गच्चीवरची अडेनियम आणि निवडुंगं आईला झेपेनात. अप्पांच्या सकाळच्या कट्ट्यावरच्या मंडळींना बोलावलं. आईची अट: रिकामी कुंडी परत आणायची. एका काकांनी मोठा निवडुंग नेला आणि आठवड्याने तोच उचलून परत आणला. 'घरात काटेरी नको म्हणते ही.' चहा पिऊन एक कोरफड घेऊन गेले.

काही अडेनियम नुसती पिवळी पडत होती, वर कीड काहीच नाही. कुंडीतून काढली तर मुळांना आणि कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरी पूड चिकटलेली. मुळांवरचा ढेकूण! वरून कितीही फवारा, त्याला पत्ता लागत नाही. सगळी माती झटकून मुळं धुतली, सडकी कापली, सावलीत आठवडाभर सुकवली आणि नव्या मातीत लावली. अडेनियमला हे सोसतं, फर्नला करू नका. तेव्हापासून दान करायच्या प्रत्येक कुंडीची मुळं बघते.

तिसरामजला

सगळ्यांचे आभार, आज संध्याकाळपासून काडी आणि अल्कोहोल घेऊन बसलेय. अप्पांची लेक, तुझ्यामुळे होया उपटून बघितली. मुळं स्वच्छ निघाली.

आता एकच राहिलं. झाडं गेली तरी रिकाम्या कुंड्या आणि पोतीभर जुनी माती उरलीय. तिचं काय करायचं?

राहुरीकर

ताई, माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे पातळ थरात पसरून ठेवा, कडा विटांनी दाबा. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकाखाली माती जास्त तापते. कुंड्या घासून कढत पाण्याने धुवा, मातीच्या असतील तर दिवसभर उन्हात वाळवा.

आळशी_माळी

मे महिन्यात गच्ची असेल का तुमची? नसेल तर माझी आहे. माती घेऊन या, कुंड्या मात्र नकोत.