मदत हवी आहे: घरच्या सेवेचे तास कसे मोजायचे?

मंडळी, मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांच्या आर्थिक बोजावर एक टिपण लिहायला घेतलंय आणि एका जागी पार अडकलेय.

२०२१ मध्ये जगातल्या सुमारे ३४० कोटी लोकांना, म्हणजे ४३ टक्क्यांना, असा काही ना काही आजार होता. (यात डोकेदुखी, मायग्रेनही धरलंय, नाहीतर आकडा बघून छातीच दडपते.) औषधं, तपासण्या, बुडालेला पगार, इथवर हिशेब जमतो. घोडं अडतं ते घरच्यांनी केलेल्या रुग्णसेवेपाशी. डिमेन्शियाचा २०१९ मधला जागतिक खर्च सुमारे १.३ लाख कोटी डॉलर, आणि त्यातला जवळपास निम्मा या बिनपगारी सेवेचा!

माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे. आईने आठवडाभर वहीत तास मांडून पाहिले. शर्टाची बटणं लावायला वीस मिनिटं, गोळ्यांच्या वेळा, रात्री कूस बदलायला तीनदा उठणं. पण ते पडू नयेत म्हणून ती नुसती शेजारी बसून राहते, ते तास धरायचे का?

आणि दर कोणता लावायचा? पगारी मदतनिसाचा, की सेवा करणाऱ्याच्या बुडालेल्या कमाईचा? दुसऱ्या पद्धतीत निवृत्त आईचा वेळ जवळजवळ शून्यावर येतो, ते काही पटत नाही. आजाराचा बोजा गेलेल्या निरोगी वर्षांत मोजणाऱ्या 'डॅली'च्या (DALY) मोजपट्टीतही रुग्णाचीच वर्षं येतात, तिची धरलेली पाठ नाही.

आरोग्य अर्थशास्त्रातलं कुणी आहे का इथे? तुम्ही काय धरता, आणि का?